चांगुणाचं अर्थिंग

चांगुणाअक्काला कुणी सुईण म्हणलं की मला राग यायचा. सुईण बाळ काढती आन् आपल्या घरी जाती. अक्काचं काम त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. सव्वा महिना, रोज सकाळी, बाळाला न्हाऊ घालायचं. न्हाणीच्या दगडापाशी पाट टाकून बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायची, पाय लांब करायची आन् दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ ठेवायची. रडून घर डोक्यावर घेणारं पोर तितं पडलं की गप्प. वाडीतली निम्मी पोरं त्या पायांवर न्हाल्याली हायेत. माझी तिन्ही बी. माझ्या धाकट्याचं, जयसिंगचं नाक बसकं व्हतं, सासू म्हणाली हा काय बटाटा आणलास. अक्कानं रोज तेलाच्या बोटानं ते वर ओढलं. आता तो नाक वर करून हिंडतो, कामाच्या नावानं शून्य, पण नाक मातर सरळ हाय.

अंघोळ झाली की शेवटचा तांब्या ती बाळाभवती ओवाळायची. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, माझी मेलीची बी दिठ पाण्यासंगं जाऊ दे," असं पुटपुटायची आन् पाणी लांब फेकायची. स्वतःची दिठ काढणारी बाई मी दुसरी बघितली न्हाई.

माझं घर तिच्या भिंतीला भिंत लावून. मी साळूबाई. माझं तोंड फटकळ हाय हे सारी वाडी सांगंल, पण अक्काबद्दल मी सांगते त्यातलं एक अक्षर खोटं न्हाई.

तिचा नवरा कोंडीराम, वीज बोर्डात लाइनीवर हेल्पर. आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणात बुडालं, माझ्या सासऱ्याच्या लहानपणी. त्या पाण्यावर वीज झाली आन् आमच्या डोक्यावरून मुंबईला गेली. आमी चिमणी लावून तारांकडं बघत बसायचो. वाडीत लाइट आली लई वर्सांनी, आन् तिचे खांब रोवणाऱ्यांत कोंडीराम व्हता. पहिला दिवा लागला तवा तो असा उभा व्हता, जसं काय सूर्य त्यानंच उगवला. मी म्हणलं, "कोंडीभाऊ, छाती आत घ्या, शर्टाची बटणं तुटतील." बिचारा लाजला.

माणूस साधा, पण एका गोष्टीत कडक. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा जोडीदार कुशाबा खांबावर गेला. लाइन बंद केल्याली. बंद म्हंजे बंद, बटण खाली. पण शेजारून मोठी लाइन जात व्हती, तिच्यामुळं बंद तारेत बी वीज उतरल्याली. साखळी टाकून ती वीज जमिनीत सोडायची राहून गेली. कुशाबानं हात लावला आन् संपला. खाली उभा असलेला दुसरा गडी त्याला धरायला धावला, कोंडीरामानं त्याला कमरेला मिठी मारून मागं ओढलं. तवापासून कोंडीराम घरात, दारात, देवळात एकच सांगायचा, "बंद लाइन म्हंजे मेलेली लाइन न्हाई. आधी अर्थिंग, मग हात. आन् ज्याच्यात करंट हाय त्याला शिवायचं न्हाई, सख्खा भाऊ असला तरी." पोरांना त्याचं बोलणं पाठ झाल्तं. आमी हसायचो.

दिल्लीत एशियाड झालं त्या साली अक्काच्या गालात आतून फोड आला. आमी दोघी रोज संगं तंबाखूची मिश्री लावायचो, तिच्या पडवीत बसून, गावाची उणीदुणी काढत. ती म्हणायची, उष्णतेचं हाय. मग ताक पी, कोकम पी. फोड बरा होईना, तोंड उघडंना. पौडच्या डाक्टरनं पुण्याला धाडलं, पुण्याच्या दवाखान्यानं तुकडा काढून बघितला आन् सांगितलं, कॅन्सर. शेक द्यावा लागंल, रोज, दीड महिना. मी घरी येऊन मिश्रीची डबी चुलीत टाकली. आता टाकून काय उपयोग, पण टाकली.

तेच दिवस, तिच्या एकुलत्या एक लेकीचे, चंद्रकलेचे दिवस भरत आल्ते. सूस गावात दिल्याली. आधीची दोन पोटातच गेलेली, हे तिसरं. अक्कानं दोन वर्सांपासून जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवलेली, दुपट्यांसाठी. तिला रोगाचं कायबी वाटलं न्हाई. मला म्हणाली, "साळू, साऱ्या वाडीची न्हाऊ घातली. आता माझं पायावर येतंय. तेवढं झालं की नेऊ दे कुटं नेतात ते." पुण्यात राहायची सोय व्हती, पण ती राहीना. लेक बाळंतपणाला घरी, आपण तिकडं कसं राहायचं? रोज सकाळच्या एसटीनं जायचं, सांजच्याला परत. कोंडीरामानं रजा टाकली.

पहिल्या दिवशी बाईमाणूस पायजे म्हणून मी गेल्ते. गालावर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या, म्हणाले पुसायच्या न्हाईत. मग एका खोलीत नेलं. भिंती किल्ल्यागत जाड. मधी एक मोठं यंत्र, मान खाली घातलेल्या बैलासारखं. तितं रणपिसे नावाचा तरणा माणूस कामाला, बोलायला गोड. कोंडीरामाला यंत्र दिसलं की राहवतंय व्हय.

"साहेब, ह्याला लोड किती? तीन फेजवर चालतंय का?"

रणपिसे हसला. "हा विजेचा शेक नाही, मामा. वीज लागते ती झडप उघडायला. आत कोबाल्ट नावाच्या धातूचे दाणे आहेत, पोलादी डबीत बंद. शेक त्या धातूतून येतो."

"आन् मधीच लाइट गेली तर?"

"झडप आपोआप मिटते. पण धातूचं काम चालूच. त्याला बटण नाही. रात्रंदिवस किरण सोडत बसतो. तो बंद करता येत नाही, फक्त झाकता येतो. ही अणूची शक्ती आहे, मामा."

बाहेर पेशंटची रांग जिन्यापर्यंत. तेवढंच बोलून रणपिसे कामाला लागला. पण अणू म्हणल्यावर कोंडीरामाचं तोंड उतरलं. राजस्थानात स्फोट केला तवा त्यानं रेडिओवर ऐकलं व्हतं. जपानातल्या जळालेल्या शहराचं चित्र पेपरात बघितलं व्हतं. मग अक्काला टेबलावर निजवलं आन् सगळे खोलीतनं बाहेर आले. डाक्टर, नर्स, रणपिसे, समदे. जाड दार लागलं. आत ती एकटी, आन् आमी भिंतीतल्या काचेतनं बघतोय. दारावर पिवळी पाटी, तीन पाकळ्यांचं चिन्ह, खाली लिवल्यालं, धोका, लहान मुलांना आत आणू नये. कोंडीरामानं ती पाटी लई वेळ वाचली.

येताना एसटीत तो खिडकीतनं तारांकडं बघत बसला. पौड मागं पडल्यावर मला हळूच म्हणाला, "वैनी, ज्याला बटणच न्हाई, ते तिच्यात गेल्यावर बंद कसं व्हनार?"

मी काय सांगणार? मी चौथी शिकलेली. म्हणलं, डाक्टर देत्यात, त्यांना कळत नसंल का. तो म्हणाला, "सगळे बाहेर पळाले, बघितलं न्हाईस?" ते मी बी बघितलं व्हतं.

दोनेक आठवड्यांत अक्काचा गाल तांबडा झाला, मग काळा पडाया लागला, भाजल्यासारखा. कोंडीरामाला खात्रीच पटली. खिशातला टेस्टर काढून त्यानं तिच्या तळहाताला लावला. दिवा लागला न्हाई. मला वाटलं आता तरी जीव भांड्यात पडंल. तो म्हणाला, "ह्या विजेला आपला टेस्टर चालत न्हाई. येगळी जात हाय ही." आन् कुदळ घेऊन न्हाणीच्या मागं गेला.

तितं जमीन कायम ओली. त्यानं खड्डा खणला. मीठ आन् कोळसा भरला, जसं खांबापाशी भरतात. लोखंडी गज ठोकला, त्याला तांब्याची तार बांधली. सांजच्याला एसटीतनं उतरली की अक्कानं घरात जायचं न्हाई. आधी मागल्या दारी, अनवाणी, ओल्या मातीत उभं राहायचं. तो वाकून तारेचं टोक तिच्या पायातल्या जोडव्याला गुंडाळायचा. वरनं पाणी शिंपायचा. आन् मग दोघं उभे, अंधार पडंपर्यंत. पहिल्या दिवशी वाडी गोळा झाली. पोरं फिदीफिदी हसली. मला असा संताप आला.

"कोंडीभाऊ, बायको हाय ती. खांब न्हाई."

"खांब असता तर एवढी काळजी केली असती का, वैनी?" तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

मी अक्काला आत येऊन म्हणलं, तू तरी कशापायी उभी राहतीस, दे ना तार फेकून. तिला तोंड धड उघडता येत नव्हतं. एकेक शब्द ओढून म्हणाली, "त्याचा जीव... शांत व्हतो." मग थांबून म्हणाली, "आन् साळू, खरं असलं तर? पोरीची दोन गेलीत." त्याच्यावर मला बोलता आलं न्हाई. फटकळ तोंडाचा काय उपयोग, नको तितं चालतं आन् पायजे तितं बसतं.

एक सांगितलं पायजे. तो स्वतः तिच्यापासनं लांब राहिला न्हाई. तिचं तोंड आतून सोलल्यालं, तर तोच पेज गाळून चमच्यानं पाजायचा. तिची वेणी घालायचा, वाकडीतिकडी. मी म्हणलं, तुमाला न्हाई का लागत करंट? तर म्हणाला, "मला लागू दे." शिवायचं न्हाई हा हुकूम फक्त चंद्रकलेसाठी आन् पोटातल्यासाठी. चंद्रकला सोप्यात, आई पडवीत. मधी उंबरा.

शेक संपायच्या आत चंद्रकला मोकळी झाली. मुलगी. जिवंत, धडधाकट, केसांचा टोप घेऊन आलेली. अक्का पुण्याहून आली, तार बांधून घेतली, दारातनं रडणं ऐकलं आन् तारेसकट दोन पावलं पुढं आली. कोंडीरामानं हात आडवा धरला. ती तितंच थांबली. हसत व्हती, डोळ्यांतनं पाणी वाहत व्हतं, शाईच्या रेघा पुसतील म्हणून ते गालावर येऊ देत नव्हती, पदरानं वरच्या वर टिपत व्हती.

मग न्हाऊ घालायला मी. दुसरी कोण? पाटावर मी बसले, पाय मी लांब केले. अक्का पडवीच्या टोकाला पोत्यावर बसून तितनं हातानं सांगायची. बोट असं वर केलं की नाक ओढ. तळहात फिरवला की टाळू भर. मनगट दाखवलं की पाणी हातावर घेऊन बघ, कढत हाय. पोर रडायचं, माझ्या पायांवर कुटं गप्प बसतंय. अक्काचे पाय तिकडं पोत्यावर लांब केल्याले असायचे. रिकामे. आन् पोर रडलं की तिचा गुडघा आपसूक हलायचा, झोका दिल्यावाणी. ते बघून मी मान खाली घालायची आन् डाळीचं पीठ चोळत बसायची. शेवटचा तांब्या मी ओवाळायची, पण शब्द मी मोठ्यानं म्हणायची, तिला ऐकू जावं म्हणून.

कोंडीरामाला मी रोज विचारायची, आज शिवू दे का? तो म्हणायचा, अजून शेक चालू हाय, भरतंय तवर कसं उतरंल? शेक संपल्यावर विचारलं. म्हणाला, "संपला खरा. पण बटण न्हाई ना, वैनी." मी म्हणलं, मग कवा? ते त्याला बी माहीत नव्हतं. सव्वा महिना व्हायच्या आत सूसहून विहीण आली. तारेची गोष्ट तिकडं पोचलेली, पोचणारच, लोकांना दुसरा धंदा काय. तिनं बाळबाळंतीण उचलली आन् बैलगाडीनं रस्त्याला नेली. चंद्रकला मागं वळून वळून रडत व्हती. अक्का बांधावर उभी, लांब. तिनं हात हलवला न्हाई. दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली, आत कायतरी असल्यावाणी.

उन्हाळ्यात ती सुधारली. गालाची खपली पडली, भात गिळाया लागली, बोलणं जरा कळाया लागलं. रोज सांजच्याला तार मातर चालूच. चंद्रकलेचे निरोप यायचे, पालथी पडली, रांगती, दात आला. अक्का मला सांगायची.

गणपती बसायच्या सुमाराला तिच्या मानेत गाठ आली. दाखवायला जायचं ठरलं त्याच दिवशी वादळानं खोऱ्यातले खांब आडवे झाले, कोंडीरामाला हलता येईना. मी तिला घेऊन गेले. डाक्टरांनी मान चाचपली आन् मला बाजूला घेऊन सांगितलं, रोग खाली उतरलाय. जितं शेक दिला तितं पुन्हा देता येत न्हाई. खाऊ घाला, दुखलं तर गोळ्या द्या. मी म्हणलं बरं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आले तर अक्का बाकावर न्हाई. शोधलं, तर ती त्या पिवळ्या पाटीपुढं उभी. दुपारची वेळ, पेशंट संपलेले, रणपिसे डबा खाऊन हात पुसत व्हता. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. मी सरळ विचारलं, "साहेब, ह्याचा टेस्टर हाय का तुमच्यापाशी?"

"कशाचा?"

मग मी सगळं बोलले. बटण न्हाई ते, तार, मीठ-कोळसा, जोडवं, पोर, उंबरा. बोलत गेले तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं दोन खुर्च्या आणल्या आन् आमाला बसवलं.

"मावशी, चूक माझी. मी अर्धंच सांगितलं," तो म्हणाला. "बटण नाही ते त्या धातूला. यांना नव्हे." मग त्यानं पहिल्यापासून सांगितलं. प्रत्येक वस्तू अणूंची असते. हा डबा, पाणी, तुमचा हात. अणूच्या मधोमध एक गाठ असते, अतिशय घट्ट. ती बांधून ठेवणारं बळ हीच अणूची शक्ती. युरेनियम नावाचा धातू खाणीतून निघतो, बिहारात. त्याची गाठ मोठी असते. बारीक कणाचा धक्का लागला की फुटते, उष्णता सुटते, आणखी कण उडतात, ते पुढच्या गाठी फोडतात. अणुभट्टी म्हणजे हेच, बेतानं चालवलेलं. त्या उष्णतेवर पाणी उकळतं, वाफ चाक फिरवते, चाकातून वीज. "तुमच्या धरणाखाली पाणी चाक फिरवतं, तिथं वाफ फिरवते. एवढाच फरक."

"आन् हे कोबाल्ट?"

"त्याच भट्टीत साधं कोबाल्ट ठेवतात. उडणारे कण त्याच्या गाठीत शिरतात. जास्तीचं झालं की त्याला स्वस्थ बसवत नाही. मग किरण बाहेर टाकत टाकत ते शांत होत जातं, वर्षानुवर्षं."

"पाव्हणे जादा झाल्यावर घरधन्याचं व्हतं तसं," मी म्हणलं. तो हसला. मग अक्काकडं वळून म्हणाला, "ते किरण तुमच्यातून जातात, आजी. रोगाची गाठ जाळतात आणि जातात. राहत नाहीत. उन्हात उभं राहून घरात आलात तर ऊन तुमच्याबरोबर आत येतं का?"

अक्काची नजर त्या पाटीवरनं हलंना. त्यानं कपाटातनं एक पेटी आणली, वर मूठ, पुढं काचेत काटा. दार उघडून आमाला आत नेलं आन् झडप मिटलेली असताना बी यंत्राच्या तोंडापाशी धरली तर तडतडतडतड, तव्यावर मोहरी फुटल्यावाणी. मग लांब येऊन माझ्यापाशी धरली. टिक. लई वेळानं टिक. मी घाबरले, माझ्यात कसं आलं? तो म्हणाला, "हे सगळीकडे असतं. दगडात, मातीत, आकाशातून येतं. तुमच्या डोंगरात पण आहे. काही करत नाही." मग अक्कापाशी धरली. टिक. लई वेळानं टिक. जेवढं माझ्यापाशी, तेवढंच.

अक्कानं त्याचा हात धरून पेटी गालापाशी नेली. मग मानेपाशी. मग तिनं खाली बसून ती मांडीवर ठेवून घेतली आन् दोन्ही पाय लांब केले, तितंच, दवाखान्याच्या फरशीवर. ऐकत बसली. टिक. टिक. रणपिसेनं पेटी मागितली न्हाई.

एसटीत तिनं माझा हात सोडला न्हाई. मानेतल्या गाठीचं एकदा बी विचारलं न्हाई. पिरंगुट आलं तवा म्हणाली, "दुपटी परत धुतली पायजेत."

घरी आल्यावर कोंडीराम तार घेऊन उभाच व्हता. मी सगळं सांगितलं, पेटीचं, मोहरीचं, टिकटिकीचं. त्यानं तीनदा विचारलं, "तुझ्यापाशी वाजलं तेवढंच?" तेवढंच, म्हणलं. तो तारेचं भेंडोळं हातात धरून ओल्या मातीत खाली बसला. अक्का त्याच्यापाशी गेली आन् त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिली. मला तितं थांबवंना. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो सायकलनं सूसला निघाला.

विहिणीनं दोन दिवस अडवलं. मग चंद्रकला आली, कडेवर पोर. नऊ महिन्यांची झाल्ती. गुबगुबीत, काजळ घातल्याली, सगळ्यांना बोट दाखवणारी. अक्कानं सकाळपासनं पाणी तापवून ठेवल्यालं. न्हाणीपाशी पाट टाकला. लुगडं वर घेतलं, पाय लांब केले. त्या आजारात तिच्या नडग्यांची काडं झाल्ती, पण मधली खोबण तशीच. कोंडीरामानं स्वतः पोर चंद्रकलेकडनं घेतलं. त्यानं वाकून ते अक्काच्या पायांवर ठेवलं.

पोरीनं तोंडाकडं बघितलं. एक गाल काळा, आत ओढल्याला, मान सुजल्याली. नऊ महिन्यांच्या पोराला ओळख कळती. आपलं कोण, परकं कोण. ती किंचाळली. पाठ ताठ केली, उलटी झाली, पाटावरनं रांगत सुटली आन् आईच्या पायाला जाऊन बिलगली. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. श्वास कोंडून निळी पडली. आन् खरं सांगायचं तर ती आता त्या खोबणीत मावत बी नव्हती. उताणं निजून न्हायचं तिचं वय सरलं व्हतं. बसती झाल्ती पोर.

अक्कानं हात वर केला, पुरे म्हणून. रागावली न्हाई, रडली न्हाई. चंद्रकलेला खूण केली, तूच घाल. चंद्रकलेनं पोरीला बसवून न्हाऊ घातलं. अक्का पाटावर तशीच, पाय लांब करून बसून बघत व्हती. शेवटचा तांब्या तिनं मागून घेतला. उभी राहिली, लांबूनच पोरीभवती ओवाळला. तोंडातनं शब्द नीट निघंनात. "आल्यागेल्याची," तिनं सुरू केलं आन् जीभ अडकली. म्हणून पुढचं मी म्हणलं. घरच्यादारच्याची. माझी मेलीची बी. तिनं पाणी लांब फेकलं, ते त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यावर पडलं.

दिवाळीच्या आधी ती गेली. तिला शेवटची अंघोळ बायकांनी घातली, त्यात मी व्हते. पायातली जोडवी काढताना बोटाला तारेचा हिरवा वण दिसला. कितीबी चोळला तरी निघाला न्हाई. शेवटी तसंच राहू दिलं.

कोंडीराम अजून लाइनीवर जातो. आता दोन वर्सांत निवृत्त व्हईल. खड्डा त्यानंच बुजवला, गज उपटून फेकला. पण मी दिसले की सायकल थांबवतो. बाजारात, एसटी थांब्यावर, कुणाच्या लग्नात बी.

"वैनी, ती पेटी."

"काय?"

"तुझ्यापाशी वाजलं तेवढंच तिच्यापाशी?"

पहिल्यांदा मला राग यायचा. एकदा तर सांगून टाकलं, व्हय, तेवढंच, आन् पहिल्या दिवसापासनं तेवढंच असणार, तुमी उगा तिला चिखलात उभी केली. तो रस्त्याच्या कडंला सायकल धरून बसला तो उठंना, माझ्या मालकानं त्याला घरी नेला. तवापासनं मी पुढचं बोलत न्हाई. तेवढंच, भाऊ, एवढंच म्हणते.

तो मान हलवतो. सायकलवर बसतो, एक पाय जमिनीवर ठेवून थांबतो, आन् पुढचं त्याचं तोच म्हणतो.

"म्हंजे पोर झालं त्या दिवशी बी."

तो निघून जातो.